स्टॉल, स्वबांधणीच्या लहान विमानाचा

स्टॉल : विमानाचा पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला म्हणजे पंखाच्या वरच्या पृष्ठभागालगतचा हवेचा प्रवाह त्या पृष्ठभागापासून सुटतो, पंखाची उत्थापक प्रेरणा (विमानाला उचलून धरणारी प्रेरणा) घटते आणि ओढ (गतीला होणारा हवेचा रोध) एकदम वाढते. या आविष्काराला वैमानिकीत ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारगाडीच्या संदर्भात हाच शब्द एंजिन बंद पडणे या अर्थी वापरला जात असल्यामुळे पुष्कळदा गैरसमज होतो. विमानाच्या स्टॉलचा एंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. एंजिन पूर्ण शक्तीने चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते आणि ज्याला एंजिनच नसते असे ग्लायडरही स्टॉल होते. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा आविष्कार केव्हा व कसा घडेल हे चाचणी वैमानिकांनी आधीच पडताळून पाहिलेले असते. हौशी माणसाने आपल्या घरी, गॅरेजमध्ये किंवा छपराखाली स्वतः बांधलेल्या विमानाच्या बाबतीत मात्र ही पडताळणी त्यालाच करावी लागते. म्हणून स्वबांधणीच्या विमानांच्या संदर्भात या विषयाला वेगळे महत्त्व आहे.

स्वरूप व कारण : पंखाची जीवा (अग्र कडा व पश्च कडा यांना जोडणारी काल्पनिक सरळ रेषा) आणि सापेक्ष वारा यांच्यातील कोनाला आघात कोन म्हणतात. सापेक्ष वारा म्हणजे विमानाच्या प्रत्यक्ष गतीच्या नेमका उलट दिशेने पंखावर येणारा हवेचा प्रवाह. आघात कोन वाढत जाईल तसतशी उत्थापक प्रेरणा जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. ही वाढ अमर्याद नसते. पंखाच्या वरच्या बाजूस अग्र कडेच्या थोडे मागे हवेचा दाब सर्वांत कमी असतो व तेथून पश्च कडेकडे तो पुन्हा वाढत जातो. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराला (सीमास्तराला) घर्षणामुळे वेग कमी असतो आणि त्याला या वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जावे लागते. आघात कोन मोठा झाला म्हणजे ही चढण इतकी तीव्र होते की, सीमास्तरातील हवा थबकते, उलट वाहू लागते आणि वरचा प्रवाह पंखापासून सुटून त्याच्या मागे भोवऱ्यांचा गोंधळ माजतो. सर्वसाधारण लहान विमानांच्या पंखांच्या बाबतीत हा क्रांतिक आघात कोन सु. १५° ते १८° असतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. आघात कोन म्हणजे विमानाच्या नाकाचा क्षितिजाशी असलेला कोन नव्हे. विमान नाक खाली करून वेगाने उतरत असताना वैमानिकाने नियंत्रक दांडा जोराने मागे ओढला, तर नाक क्षितिजाच्या खाली असतानाच पंख क्रांतिक कोन ओलांडू शकतो. उलट नाक बरेच वर असूनही, गती त्याच दिशेने असल्यास, आघात कोन अल्प असू शकतो. वैमानिकाला नाक दिसते, वेगमापक दिसतो. आघात कोन मात्र दिसत नाही. अमेरिकेतील वैमानिक व लेखक वोल्फगांग लांगेव्हीशे यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या स्टिक अँड रडर या ग्रंथात उड्डाणशिक्षणाचा गाभा म्हणून याच कल्पनेची मांडणी केली व तो ग्रंथ आजही वाचला जातो.

स्टॉल वेग : स्टॉल कोनामुळे घडतो, तरी व्यवहारात तो वेगाच्या भाषेत सांगितला जातो. विमान सरळ व समतल उडत असताना उत्थापक प्रेरणा वजनाइतकी असावी लागते. वेग कमी केला की तेवढीच प्रेरणा मिळविण्यासाठी आघात कोन वाढवावा लागतो आणि ज्या वेगाला क्रांतिक कोन गाठला जातो त्याला स्टॉल वेग म्हणतात. हा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि पंखाचे क्षेत्रफळ, हवेची घनता व पंखाचा महत्तम उत्थापन गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदा., ४८० किग्रॅ. वजनाच्या व १० चौ. मी. पंखक्षेत्राच्या दोन आसनी विमानाचा महत्तम उत्थापन गुणांक १·४ धरला, तर समुद्रसपाटीला स्टॉल वेग ताशी सु. ८४ किमी. येतो. फ्लॅप (पश्च कडेवरील खाली वळविता येणारी फळी) उतरवून हा गुणांक १·८ पर्यंत नेला, तर तो ताशी सु. ७४ किमी. होतो. बांधणाऱ्याने जाड रंग, जास्तीची उपकरणे, मऊ आसने अशी भर घालून विमान ५६० किग्रॅ. पर्यंत नेले, तर फ्लॅपविना स्टॉल वेग ताशी सु. ९१ किमी. होतो. आराखड्यापेक्षा हलके विमान बांधल्याचे उदाहरण विरळा. जड बांधल्याची पुष्कळ आढळतात. जमिनीवर उतरताना गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हा काही किलोमीटरांचा फरक वाटतो तेवढा क्षुल्लक नसतो.

वळणात परिस्थिती बदलते. विमान एका बाजूला कलवून समतल वळण घेताना पंखाला वजन तर पेलावे लागतेच, शिवाय विमान वळविणारी प्रेरणाही पुरवावी लागते. पंखावरील एकूण भार व विमानाचे वजन यांच्या गुणोत्तराला भारगुणक म्हणतात व स्टॉल वेग भारगुणकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३०° कलतेपणाला ही वाढ सु. ७ टक्के, ४५° ला १९ टक्के, तर ६०° ला भारगुणक २ होऊन ४१ टक्के असते. वरील उदाहरणातील विमान ६०° कलवून समतल वळविले, तर ते ताशी ११९ किमी. वेगालाच स्टॉल होईल. धावपट्टीकडे येताना स्टॉल वेगाच्या १·३ पट वेग ठेवण्याचा प्रघात आहे. या विमानासाठी तो ताशी सु. ११० किमी. होतो. म्हणजे सुरक्षित समजल्या जाणाऱ्या वेगाने येत असतानाही सु. ५४° पेक्षा अधिक कलते समतल वळण घेतल्यास विमान स्टॉल होईल. कलतेपणापेक्षाही दांडा मागे ओढण्याला महत्त्व आहे. विमान कललेले असूनही नाक खाली जाऊ दिले व ओढ दिली नाही, तर भारगुणक फारसा वाढत नाही.

इतिहास : स्टॉलचा पहिला मोठा बळी ऑटो लिलिएंटाल हे जर्मन संशोधक होत. स्वतः बांधलेल्या ग्लायडरांनी त्यांनी सु. २,००० उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोलनजवळच्या गोलेनबेर्ख टेकडीवरून उड्डाण करीत असता त्यांचे ग्लायडर स्टॉल होऊन सु. १५ मी. उंचीवरून कोसळले व दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचा मृत्यू झाला. राइट बंधूंनी पुढे आपल्या ग्लायडरांचे क्षैतिज नियंत्रणपृष्ठ पंखाच्या पुढे ठेवले, त्यामागे लिलिएंटाल यांच्या अपघाताची जाणीव होती. १९०१ साली विल्बर राइट यांचे ग्लायडर हवेतच थबकले. परंतु ते नाकावर न कोसळता जवळजवळ सपाट खाली बसले आणि विल्बर बचावले. ही सर्व विमाने आजच्या अर्थाने स्वबांधणीचीच होती, हे विसरता येत नाही.

स्टॉलपाठोपाठ एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक स्टॉल झाल्यास विमान नाक खाली करून स्वतःभोवती गरगरत खाली येऊ लागते. या गिरकीतून सुटण्याचा मार्ग प्रथम फारसा कोणाला ठाऊक नव्हता. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्झबरी मैदानावर विल्फ्रेड पार्क या नौदलातील वैमानिकाचे आव्हरो विमान गिरकीत सापडले. त्यांनी प्रथम गिरकीच्याच बाजूला सुकाणू दाबून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी जमीन अगदी जवळ आली असता त्यांनी सुकाणू उलट बाजूला पूर्ण दाबले व विमान सावरले. उतरल्यावर त्यांनी आपण काय काय केले हे तपशीलवार सांगितले, त्यामुळे हा प्रसंग केवळ सुटकेची हकीकत न राहता ज्ञानात जमा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या एका अपघातात त्यांचा अंत झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथे भौतिकीविज्ञ फ्रेडरिक लिंडेमान यांनी मुद्दाम विमान गिरकीत घालून मापने घेतली व गिरकीच्या सिद्धांताला प्रायोगिक आधार दिला.

स्टॉल व गिरकी यांची भीतीच एका लोकप्रिय स्वबांधणीच्या विमानाच्या जन्माला कारण झाली. आंरी मिन्ये या फ्रेंच हौशी रचनाकारांना नेहमीच्या विमानाची नियंत्रणे जमत नव्हती. एलेरॉन आणि सुकाणू यांचा मेळ घालण्याची गरजच नसलेले, स्टॉल न होणारे विमान त्यांना हवे होते. त्यांनी एकामागे एक दोन पंख असलेले व पुढचा पंख बिजागरीवर वरखाली करता येणारे ‘पू द्यू स्येल’ (आकाशातील पिसू) हे विमान तयार केले. १९३३ मध्ये त्याचे उड्डाण झाले व १९३४ साली त्याच्या बांधणीचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर फ्रान्स व ब्रिटनमध्ये शेकडो लोकांनी ते बांधावयास घेतले. लवकरच प्राणघातक अपघात घडू लागले. १९३६ च्या सुमारास ब्रिटन व फ्रान्स येथे मोठ्या वातविवरात (नियंत्रित वेगाने हवेचा झोत सोडून प्रतिकृतीची किंवा प्रत्यक्ष विमानाची परीक्षा करण्याच्या बोगद्यात) त्याची परीक्षा करण्यात आली. विमानाचे नाक एका मर्यादेपेक्षा खाली गेले, तर दांडा पूर्ण मागे ओढूनही ते वर येत नाही. दोन पंखांमधील फटीतून जाणारा प्रवाह मागच्या पंखाची उत्थापक प्रेरणा वाढवून नाक आणखी खाली ढकलतो, असे दिसून आले. एक धोका टाळण्यासाठी योजलेल्या रचनेत दुसरा, अधिक भयंकर धोका दडलेला होता आणि केवळ मोकळ्या हवेतील उड्डाणांवरून तो ओळखता आला नव्हता.

पंखाची रचना व स्टॉलचे स्वरूप : सर्वच विमाने सारखी स्टॉल होत नाहीत. काही विमाने आधी थरथरतात, दांडा सैल लागतो, नाक हळूहळू खाली जाते व दांडा किंचित पुढे केला की पूर्ववत होतात. काही विमाने कोणतीही सूचना न देता एकाएकी एका पंखावर कलंडतात. हा फरक बहुतांशी पंखावर प्रवाह प्रथम कोठे सुटतो यावर अवलंबून असतो. आयताकार पंखात तो प्रथम पंखमुळाशी सुटतो. तेथील भोवरे शेपटीवर आदळल्याने वैमानिकाला थरथर जाणवते आणि पंखटोकाजवळचे एलेरॉन काही काळ परिणामकारक राहतात. टोकाकडे बराच निमुळता होत गेलेला पंख दिसावयास देखणा आणि वजनाला हलका असतो, परंतु त्यात टोकाजवळचा भाग आधी स्टॉल होण्याची प्रवृत्ती असते. त्यामुळे टोक मुळापेक्षा २° ते ३° कमी कोनात राहील असा पंखाला पीळ देतात. मुळाजवळच्या अग्र कडेवर त्रिकोणी छेदाची अरुंद पट्टी बसवून तो भाग मुद्दाम आधी स्टॉल होईल, अशीही योजना करतात.

पंखाच्या छेदाचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. जाड, गोलसर अग्र कडेच्या छेदावर प्रवाह पश्च कडेकडून हळूहळू सुटत पुढे येतो. पातळ किंवा विशिष्ट आकाराच्या छेदावर तो अग्र कडेजवळच एकदम सुटतो. अमेरिकेच्या नॅशनल ॲडव्हायजरी कमिटी फॉर एरॉनॉटिक्स या संस्थेने १९३० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या २३० श्रेणीतील छेदांची ओढ कमी व नाक खाली दाबणारे परिबल अल्प असल्याने ते अनेक रचनाकारांना पसंत पडले. परंतु त्यांची उत्थापक प्रेरणा महत्तम मूल्यानंतर एकदम घसरते, हेही वातविवरातील मापनांत स्पष्ट दिसते. या श्रेणीतील छेद वापरूनही आयताकार पंखाची जोड दिल्यास विमान वश राहते. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतील अनेक दोन आसनी विमाने याचे चांगले उदाहरण होत. ती हौशी बांधणाऱ्यांत अतिशय लोकप्रिय ठरली आहेत.

अमेरिकेत १९७० ते १९९० या काळात नासा या संस्थेने लहान विमानांच्या पंखाच्या बाहेरच्या भागाची अग्र कडा थोडी पुढे व खाली वळवून, तिच्या आतल्या टोकाशी मुद्दाम एकदम पायरी ठेवून प्रयोग केले. या पायरीपासून निघणारा भोवरा आतल्या स्टॉलला बाहेर पसरू देत नाही, असे आढळले. पुढे सिरस या कारखान्यात बनणाऱ्या विमानात ही योजना स्वीकारण्यात आली.

पुढे लहान पंख असलेल्या, म्हणजे ‘कॅनार्ड’ रचनेच्या, विमानांनी स्वबांधणीच्या क्षेत्रात मोठी खळबळ माजविली. बर्ट रुटान यांचे व्हॅरी-ईझी (१९७५) व लाँग-ईझी (१९७९) ही फोम व काचतंतूंची विमाने अशा रचनेची आहेत. पुढचा लहान पंख मागच्या मुख्य पंखाआधी स्टॉल होईल अशी योजना असल्यामुळे दांडा पूर्ण मागे ओढला तरी नाक थोडे खाली येते, पुन्हा वर येते, पुन्हा खाली येते. मुख्य पंख क्रांतिक कोनापर्यंत पोहोचत नाही. ही विमाने स्टॉल होऊच शकत नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. गुरुत्वमध्य ठरविलेल्या मर्यादेच्या मागे गेल्यास मुख्य पंख आधी स्टॉल होऊ शकतो आणि त्या स्थितीत नाक खाली आणण्यास पुरेसे साधन उरत नाही; विमान सपाट अवस्थेतच खाली येत राहते. दुसरी अडचण पावसाची निघाली. पुढच्या पंखासाठी वापरलेल्या, ग्लासगो विद्यापीठात विकसित झालेल्या छेदावर पावसाचे थेंब किंवा चिकटलेले कीटक यांमुळे प्रवाह बिघडे व त्याची उत्थापक प्रेरणा घटून नाक खाली जाऊ लागे. जॉन रॉन्झ यांनी नंतर यासाठी तयार केलेल्या नव्या छेदाने ही अडचण बरीच दूर झाली.

स्वबांधणीमुळे येणारा फरक : एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमाने स्टॉलच्या वेळी अगदी वेगळी वागू शकतात. पंख जुळविताना साचा जरासा वाकडा असला आणि डाव्या व उजव्या पंखांच्या पिळात अर्ध्या अंशाचा फरक राहिला, तरी क्रांतिक कोनाजवळ एक पंख दुसऱ्याआधी सुटतो व विमान नेहमी त्याच बाजूला कलंडते. अग्र कडेचा आकार हाताने घासून केलेला असल्यास एका पंखावर ती किंचित अणकुचीदार राहणे सहज शक्य असते. समतल उड्डाणात हा दोष जाणवतही नाही. रिव्हेटांची डोकी, रंगाचे ओघळ, टाकीच्या झाकणाची उंची अशा बारीकसारीक गोष्टीही काही छेदांवर परिणाम करतात. विमान एका बाजूला कलंडण्याचे कारण दोन पंखांची तुलना करून बहुधा सापडते. ते न शोधता केवळ सुकाणूने सांभाळून घेण्याची सवय लावून घेणे धोक्याचे होय.

गुरुत्वमध्याची जागा ही दुसरी बाब. तो पुढे असला म्हणजे शेपटीला खाली दाबणारी प्रेरणा अधिक द्यावी लागते व स्टॉल वेग किंचित वाढतो, पण विमान स्थिर राहते आणि पुष्कळदा एलिव्हेटरची शक्ती संपल्याने पूर्ण स्टॉलपर्यंत जातच नाही. तो मागे गेला म्हणजे दांडा हलका लागतो, स्टॉल तीव्र होतो आणि गिरकी सपाट होऊन तीतून बाहेर येणे अवघड, क्वचित अशक्य, होते. आराखड्यात सांगितलेल्यापेक्षा जड एंजिन, आसनामागे बसविलेली बॅटरी, शेपटीवरील जादा रंग यांपैकी प्रत्येकाचा परिणाम तराजूवर मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेगमापक खरे सांगतो असे गृहीत धरणेही चूक ठरते. हवेचा दाब घेणारी नळी मोठ्या आघात कोनात प्रवाहाशी तिरपी होते आणि स्थिर दाब घेणारे छिद्र चुकीच्या जागी असल्यास स्टॉलजवळ वेग प्रत्यक्षाहून बराच कमी किंवा जास्त दाखविला जातो. शेजाऱ्याच्या विमानाचा स्टॉल वेग आपल्या वेगमापकावर वाचणे म्हणूनच निरर्थक होय. उलट आपल्याच वेगमापकावर नोंदविलेला आकडा, तो प्रत्यक्षाशी जुळत नसला तरी, त्या विमानापुरता उपयोगी असतो.

अपघाताचा नेहमीचा प्रसंग : उंचावर झालेला स्टॉल बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, जीव जातो तो जमिनीजवळच्या स्टॉलने. धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना वैमानिकाच्या लक्षात येते की, आपण पट्टीच्या रेषेपलीकडे जात आहोत. अधिक कलते वळण घेण्याचे भय वाटून तो आतल्या बाजूचे सुकाणू दाबून नाक वळवू पाहतो. बाहेरचा पंख वेगाने फिरू लागतो, आतला मंदावतो, कलतेपणा आपोआप वाढतो. तो थांबविण्यासाठी वैमानिक दांडा उलट बाजूस नेतो; त्यामुळे आतल्या पंखावरील एलेरॉन खाली जाऊन त्या भागाचा आघात कोन आणखी वाढतो. सुकाणूने नाक खाली जाऊ लागते म्हणून तो दांडा मागे ओढतो. यांतील प्रत्येक हालचाल त्या क्षणी समजूतदारपणाची वाटते. त्यानंतर आतला पंख स्टॉल होऊन विमान क्षणात त्या बाजूला उलटते. या वेळी उंची १०० ते १५० मी. असते आणि गिरकीतून सावरण्यास हलक्या विमानालाही सामान्यतः याहून अधिक उंची लागते. उड्डाणानंतर लगेच एंजिन बंद पडले असता धावपट्टीकडे परत वळण्याचा प्रयत्नही बहुधा याच मार्गाने संपतो. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणांत इंधनपुरवठ्यातील किंवा एंजिनातील दोष उघड होण्याचा संभव जास्त असल्यामुळे स्वबांधणी करणाऱ्यांना हा मोह विशेष आवरावा लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हौशी बांधणीची विमाने खाजगी व सामान्य विमानांच्या ताफ्यात सु. १० टक्के असून २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वाटा सु. १५ टक्के व प्राणघातक अपघातांत सु. २१ टक्के होता, असे नमूद केले आहे. उड्डाणात नियंत्रण सुटणे व एंजिनातील बिघाड ही प्रमुख कारणे त्यात आढळली. विमान बांधण्यात अनेक वर्षे गेल्याने पुष्कळांचा उड्डाणाचा सराव त्या काळात तुटतो, हेही याच्या मुळाशी आहे.

चाचणी व सावरणे : अमेरिकेत अशा विमानाला प्रथम ठराविक क्षेत्रात व बहुधा २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाण करावे लागते. स्टॉलची चाचणी पुरेशा उंचीवर, सर्वसाधारणपणे १,५०० मी. किंवा त्याहून वर, एकट्या वैमानिकाने व गुरुत्वमध्य पुढच्या बाजूस ठेवून सुरू करावयाची असते. वेग सेकंदाला सु. १·८ किमी. प्रतितास याप्रमाणे सावकाश कमी करीत नेतात. घाईने दांडा ओढल्यास नोंदविलेला वेग फसवा निघतो. प्रथम एंजिन मंद ठेवून, मग थोड्या शक्तीवर, फ्लॅप वर व खाली, सरळ व नंतर वळणात अशा क्रमाने पुढे जातात आणि त्यानंतरच वाळूच्या पिशव्यांच्या साहाय्याने गुरुत्वमध्य टप्प्याटप्प्याने मागे नेतात. एंजिन पूर्ण शक्तीवर असता पंखाच्या मूळभागावरून पंख्याचा झोत जात असल्याने स्टॉल कमी वेगाला व नाक बरेच वर असताना येतो, आणि पंख्याच्या फिरण्यामुळे विमान एका बाजूला वळू पाहते; म्हणून गिरकीचा धोका येथे अधिक असतो. प्रवाह कोठे सुटतो हे पाहण्यासाठी पंखावर लोकरीचे लहान धागे चिकटपट्टीने लावून त्यांची छायाचित्रे घेण्याची युक्ती स्वस्त आहे आणि तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. चिकटून वाहणाऱ्या हवेत धागे सरळ मागे पडून राहतात. सुटलेल्या हवेत ते उभे राहून फडफडतात.

स्टॉल झाल्यावर पहिली व अनिवार्य क्रिया म्हणजे दांडा पुढे करून आघात कोन कमी करणे. जमीन समोर दिसत असता दांडा पुढे करणे हे मानवी स्वभावाच्या विरुद्ध असते व म्हणूनच त्याचा सराव करावा लागतो. खाली गेलेला पंख एलेरॉनने उचलण्याचा प्रयत्न क्रांतिक कोनाच्या वर करू नये; त्याने तो अधिकच स्टॉल होतो. एंजिनाची शक्ती वाढविल्याने उंची कमी गमावली जाते, परंतु सावरण्याचे कारण ती नव्हे. गिरकीसाठी सामान्य रीत अशी : एंजिन मंद, एलेरॉन मध्यावर, सुकाणू गिरकीच्या उलट बाजूस पूर्ण, त्यानंतर दांडा पुढे, गरगरणे थांबताच सुकाणू मध्यावर आणून हळूहळू नाक वर घेणे. विशिष्ट विमानाच्या रचनाकाराने वेगळी रीत सांगितली असल्यास तीच पाळावयाची असते.

अग्र कडेजवळ बसविलेल्या हलत्या जिभेने वाजणारी घंटा किंवा आघात कोन दाखविणारे उपकरण ही साधने आता स्वस्त झाली आहेत. स्वबांधणीच्या विमानात अशी सूचना देणारे साधन असलेच पाहिजे असा निर्बंध सर्वत्र नसल्यामुळे ते पुष्कळदा वगळले जाते. वजन व खर्च यांची ही बचत शहाणपणाची नव्हे. अमेरिकेत अतिहलक्या विमानांसाठी एंजिनशक्तीविना स्टॉल वेग २४ नॉट (ताशी सु. ४४ किमी.) पेक्षा जास्त असू नये अशी अट आहे. त्यामुळे अपघात झालाच तरी त्याची तीव्रता मर्यादित राहते. हौशी बांधणीच्या मोठ्या विमानांना अशी मर्यादा नाही. १९८० नंतर आलेल्या काही जलद, काचतंतूंच्या विमानांचा पंखभार (पंखाच्या एकक क्षेत्रावरील वजन) पुष्कळ मोठा असून त्यांचा स्टॉल वेग अधिक व स्टॉल तीव्र असतो.

भारतात स्वबांधणीच्या विमानांची संख्या फार थोडी आहे. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले होते व २०१७ साली नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. अशा विमानांना उड्डाणाची परवानगी देताना स्टॉलच्या चाचण्या कोणी, कोठे व किती उंचीवर घ्यावयाच्या हा प्रश्न त्या त्या वेळी सोडवावा लागतो. गजबजलेल्या शहरी विमानतळापेक्षा धावपट्टीच्या आसपास मोकळी जमीन असलेली लहान ठिकाणे त्यासाठी अधिक योग्य होत.

पहा : ग्लायडर, विमान, विमानाचे नियंत्रण, वातविवर, वायुयामिकी.